दुसरं पैंजन

सोनाजी चिताऱ्याच्या चित्राले कोनी चांगलं म्हनलं, का सोनाजी सोताच्याच थोबाडात मारून घे. खोटं नाही सांगत. दोन्ही गालावर, चट् चट्, जसं पोथीले चुकून पाय लागल्यावर मारून घेतात तसं. अन् वरून म्हने, "माह्यं नाही बाप्पा ते, माह्यं नाही. मी नुसता नकल्या."

पहिल्यांदा मी हे पाह्यलं तवा मले वाटलं, गालावर मच्छर बसला असन. म्हनून मीबी मदतीले उठलो अन् त्याच्या गालावर एक ठेवून देली. आमची दोस्ती तथूनच सुरू झाली.

मी किन्हीराजा गावचा बंडीवाला. शिक्षन म्हनसान तं, शाळेच्या पडवीले बैल बांधत जावो, तेवढंच. मास्तर म्हने, "तुह्या बैलाले पाढे येऊन राह्यले, तूच मांगं राह्यला."

सोनाजी आमच्या गल्लीच्या टोकाले राहे. एकटाच. बायको नाही, लेकरू नाही, एक खोली अन् तिच्यात रंगाच्या करवंट्या. त्यातल्याच एका करवंटीत तिखट राहे. कोनत्या, ते फक्त त्यालेच ठाऊक. एकदा मी तथी भाकर खाल्ली अन् दोन दिवस माही जीभ हिरवी होती. गिरजानं, म्हंजे आमच्या बायकोनं, मले गोठ्यात झोपवलं. बैलाले काही वाटलं नाही.

आता चितारी म्हनला म्हंजे मारुती काढन, गनपती काढन. सोनाजी जन्मभर एकच चित्र काढे. आमच्या देशमुखाच्या बैठकीत एक जुनं चित्र होतं. निजामाच्या मुलखातल्या कोन्या जुन्या उस्तादानं काढेल. देशमुखाच्या आज्यानं ते बंडीत गादीवर निजवून आनेल, म्हनत. यशोदा ताक घुसळून राह्यली अन् किसना तिच्या पदराले लोंबकळून राह्यला. बाई रागावेलबी दिसे अन् हसू दाबूनबी राह्यली. आमची गिरजाबी मले तसंच पाहे, फक्त हसू नसे.

त्या यशोदेची नक्कल सोनाजी करे. देशमुख चित्राले हात लावू देत नसे. म्हनून हा समोर बसून बोटानं हवेतच चौकड्या पाडे, कोनत्या चौकडीत काय हाय ते ध्यानात ठेवे. मंग घरी येऊन गेरूत भिजवलेलं सूत कपड्यावर मारे, चौकड्या उठवे अन् एकेक भरे. लोक म्हनत, पाहा, सोनाजी माशा मोजून राह्यला.

मेडशीपासून शेलूबाजारापरेन त्याच्या यशोदा गेल्या. घरात नवी सून आली का सोनाजीची यशोदा आलीच पाह्यजे. पन त्यात एक भानगड होती. मूळ चित्रात किसनाच्या दोन्ही पायात पैंजन. उजव्या पायातलं जागेवर, अन् डाव्या पायातलं घसरून टाचेवर आलेलं. सोनाजीच्या नकलेत डावा पाय उघडाच.

आमच्या घरी चित्र आलं त्या दिवशी गिरजानं त्याले दारातच धरलं.

"भाऊजी, लेकराचं दुसरं पैंजन कुठी हाय?"

"देशमुखाच्या घरी हाय वैनी. जाऊन पाह्यजा."

"वा वो भाऊजी! लेकरू आमच्या घरी अन् पैंजन देशमुखाच्या घरी?"

"चोरी गेलं असन," मी म्हनलं, "फौजदाराले सांगू काय?"

दोघांनीबी माह्याकडे असं पाह्यलं, जसा चोर मीच.

"वैनी," सोनाजी म्हने, "नकलेनं नकलेसारखं राहावं. सारंच घेतलं तं मुळाजवळ काय राह्यलं?"

अन् खरं सांगतो, बाया जात. दिवाळीत अख्ख्या गावच्या बाया ते दुसरं पैंजन पाहाले देशमुखाच्या बैठकीत जात. सोनाजी दाराजवळ उभा राहे, धुवट टोपी घालून. हात जोडे, वाट करून दे, पानी पाजे. चित्र देशमुखाचं, पन पाव्हने जसे ह्याच्याच घरी आले.

मी एकदा म्हनलं, "सोनाजी, एखादं माह्यंबी चित्र काढ ना रे."

"तुही नक्कल कायले?" तो म्हने, "एकच तुह्या बायकोले पुरून उरला."

मंग ते साल आलं. देशमुखाच्या घरी चुना द्याचा होता, चुन्याची बंडी मीच घेऊन गेलतो. गड्यानं चित्र भिंतीवरून काढलं तं लाकडाची चौकट हातात राह्यली अन् यशोदा खाली सांडली. भुसा नुसता. मांगून उधई, म्हंजे वाळवी, लागेल होती, भिंतीतून आलती. पुढून रंगाचा पापुद्रा तेवढा उभा होता, कोनाले पत्ताच नाही.

सोनाजीले बोलावलं. तो आला, खाली बसला. त्या भुशातून एक पापुद्रा उचलाले गेला, तोबी बोटातच मोडला. मंग उठून देशमुखासमोर हात जोडले.

"मालक, मी काढून देतो. दोन्ही पैंजनासगट. जसंच्या तसं. आजपरेन कोनाले देलं नाही, तसं."

देशमुख मानूस वाईट नव्हता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हने, "अरे सोनाजी, नकलेले घेऊन काय करू आता? नकला तं घरोघरी हायेत. मी तथी घड्याळ लावतो."

लावलंबी. टोले देनारं.

चार दिवस सोनाजीचं दार बंद. मी जाऊन बोंबललो, हसवाले पाह्यलं, बैलाचा आवाज काढला. बैलानं जबाब देला, सोनाजीनं नाही. पाचव्या दिवशी पहाटे तोच आमच्या दारात उभा. हातात कुंचे अन् करवंट्या.

"बंडी जुंप."

"कुठी?"

"घरोघरी."

"कायले?"

"पैंजन घालाले."

मेडशीच्या रस्त्यानं जाता जाता मी विचारलं, "काहून रे? जन्मभर ठेवलं नाही, बायाच्या शिव्या खाल्ल्या, अन् आता घालत सुटला?"

"आता कुठी पाठवू लोकाले? घड्याळ पाहाले?"

मंग बैलाकडे पाहातच म्हने, "माही माय गेली तवा मी रांगत होतो. तिचं तोंड मले ठाऊक नाही. थोडा मोठा झालो तवा देशमुखाच्या घरी मातीचे टोपले वाहाले लागलो. तथी ही बाई दिसली. तवापासून माय म्हनलं का मले हेच तोंड दिसते. लोक येत, तिले पाहात, मले बरं वाटे. दोन्ही पैंजनं घरोघरी देली असती, तं तिच्याकडे कोन आलं असतं?"

मी बैलाले उगीच एक शिवी देली.

मंग आमी फिरलो. कापसाचे दिवस सोडले तं बाकी सारा वखत हेच. कुठी यशोदा धुरानं काळी झालती, तिले त्यानं ओल्या फडक्यानं पुसलं. कुठी कनगीवर झाकन म्हनून पडेल होती, तिच्यावरचे दाने झाडले. शेलूबाजारात एक म्हतारी आडवी आली. "नोको रे बाप्पा," म्हने, "आमचं लेकरू असंच हाय, आमाले सवय झाली." हा तिच्या पाया पडला. "माय, मूळ नाही राह्यलं वो आता. हेच राह्यलं." तवा तिनं चित्र खाली काढलं.

माह्यं काम रंग धराचं. मी तो दोनदा बैलावर सांडला. मेडशीचे लोक म्हनत, पोळा कवाचा निंगून गेला, ह्याचे बैल अजून कसे रंगेल हायेत?

"अन् माह्या घरचं?" मी विचारो.

"तुह्यं तं घरचंच हाय. कवाबी होईन."

मीबी हो म्हनो. आज वाटते, त्याले तवाच हाताले धरून बसवाले पाह्यजे होतं. कारन घरं सरता सरता त्याच्या डोळ्यावर पांढरं आलं. आंधी मानूस दिसेनासा झाला, मंग दार. मंग बंडीच बंद झाली.

एक दिवस दुपारी काठी टेकत टेकत तोच आला. "वैनी, काढा यशोदेले खाली. तुमचं तेवढं राह्यलं."

गिरजानं चित्र बाजीवर ठेवलं. त्यानं नाक कपड्याले टेकवलं. बोटानं चाचपलं, घागर लागली, पदर लागला, मंग पाय लागला. मी करवंटी धरली. ह्या टायमाले सांडू देली नाही. लय वेळ लागला त्याले. तो थांबे, पुन्हा लावे. घुंगरू न् घुंगरू काढलं.

मी पाह्यलं. घसरेल पैंजन त्यानं उजव्याच पायात घातलं होतं, पहिल्याच्या खाली. डावा पाय उघडा तो उघडाच.

गिरजानं तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला.

"झालं काय रे?" सोनाजीनं विचारलं.

"झालं."

"कसं झालं?"

"लय चांगलं झालं सोनाजी," मी म्हनलं, अन् आता मारून घेईन म्हनून वाट पाहात राह्यलो.

त्याचा हात वर गेला. गालापरेन गेला अन् तथीच राह्यला. "हो ना?" म्हने.

त्याच सालच्या थंडीत तो गेला.

चित्र अजून आमच्या भिंतीवर हाय. पाव्हने हसतात, एकाच पायात दोन पैंजनं! जवाई म्हने, वाशीमचा एखादा पेंटर आनून दुरुस्त करून घेऊ. गिरजा म्हने, "हात तं लावून पाहा." जिनं एका पैंजनासाठी त्या मानसाले दारात अडवलं होतं, तीच.

परवा कोनी तरी तिले विचारलं, आजी, हे कोनत्या चित्राची नक्कल हाय?

"कोनत्याच नाही," ती म्हने. "हे आमच्या सोनाजीभाऊजीनं काढलं."

तो होता तवा आमाले हे म्हनाचं सुचलं नाही.