उष्टी हळद आणि माजिवड्याचा बंदोबस्त

हळद पोचवायची म्हणजे काय हत्ती पोचवायचाय? डोंबिवलीच्या मोठागावातून निघायचं, माणकोलीचा नवा पूल ओलांडायचा, हायवेला लागायचं, माजिवड्याला घोडबंदर रोड पकडायचा, की आलंच कासारवडवली. हा रस्ता मी डोळे मिटून चालवतो. म्हणजे मिटत नाही, पण मिटले तरी रस्ता मला सांभाळून घेईल इतकी आमची ओळख आहे!

म्हणून स्वानंददादाच्या हळदीला, भरल्या मांडवात, मी जाहीर केलं की उष्टी हळद मी नेणार. आणि दिवेलागणीच्या आत नेणार.

ज्यांची लग्नं कचेरीत सह्या करून झाली त्यांच्यासाठी सांगतो. हळद आधी नवऱ्याला लागते. उरलेली, म्हणजे उष्टी, नवरीच्या घरी जाते आणि तीच तिला लावतात. ती येईपर्यंत नवरी पाटावर ताटकळत बसते, आणि तिच्यासोबत अख्खी भावकी.

एरवी ही हळद टेम्पोभर बायका बेंजो वाजवत नेतात. पण त्या दिवशी कुठल्या कुठल्या देशांचे प्रमुख परिषदेसाठी मुंबईत आलेले आणि संध्याकाळी त्यांना घोडबंदर रोडनं कुठेतरी जेवायला नेणार होते. टेम्पोला बंदी, बेंजोला बंदी. बायका हिरमुसल्या. मी नाही हिरमुसलो. कारण मला साखरपुडा आठवत होता.

साखरपुड्याला आम्ही उशिरा पोचलो. तेव्हा प्राप्तीची आई सगुणाबाई, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई, चारचौघांत म्हणाल्या होत्या की मुलगी देतोय, सोबत एक घड्याळही देऊ. तो टोमणा तेव्हापासून आमच्या घरी मुक्कामाला आहे. आज त्यांनी निरोपच धाडला होता: दिवे लागले की आम्ही आमची हळद लावून मोकळे होऊ.

आवडाआत्यानं तो निरोप ऐकला आणि कपाळावर आठ्या घातल्या. उष्ट्याशिवाय नवरीला हळद लागली तर ते लग्न कसलं, असं तिचं म्हणणं. तसं झालं तर उद्या अक्षता टाकायला ती मांडवात पाऊल ठेवणार नव्हती, आणि जिथं आत्या नाही तिथं आमच्या घरातलं कुणीच नाही.

एवढं सगळं एका स्टीलच्या डब्यावर होतं. डबा आत्याच्या मांडीवर, आत्या मागच्या सीटवर, पुढे माझ्या शेजारी माझा कल्याणचा मित्र सम्यक. तो वागळे इस्टेटला नोकरी करतो आणि परिषदेमुळे कंपनीनं घरून काम दिलं होतं. ते काम तो माझ्या गाडीत बसून करत होता, म्हणजे करत नव्हता.

आत्यानं नियम सांगितले. डबा भुईला टेकणार नाही. दादानंतर प्राप्तीपर्यंत मधल्या कुणाचा स्पर्श हळदीला होणार नाही. झाकण नवरीसमोरच उघडेल. सम्यक म्हणाला की त्या प्रमुखांच्या बंदोबस्तात इतकी कलमं नसतील. आत्यानं आरशातून त्याच्याकडे पाहिलं. तो कामाला लागला.

माणकोली पूल पार. हायवे मोकळा. मी शीळ घातली. साकेतच्या पुलावरून उतरलो, समोर माजिवडा आणि

पुढे रस्ता बंद आहे. वाहनचालकांनी हे वाक्य येथेच सोडावे.

सोडलं. समोर लोखंडी अडथळ्यांची भिंत आणि तिच्यामागे इतके पोलीस, की ठाण्यातल्या चोरांनी त्या दिवशी कंटाळून सुट्टी घेतली असेल.

आणि माजिवडा ओळखू येईना! खड्डे गायब. दुभाजकात रातोरात फुललेल्या शेवंत्या. पुलाच्या खांबांवर मोर. अडकलेल्या गाड्यांतून माणसं उतरून या सगळ्याकडे अशी बघत होती, जशी नव्या सुनेच्या माहेरची भांडी बघतात. एक रिक्षावाला म्हणत होता की पाहुण्यांना जाम दाखवा, त्याशिवाय ठाणं बघितलं असं होतच नाही. वरच्या टॉवरमधल्या एक बाई खाली उतरून पोलिसांशी भांडत होत्या. त्यांना गॅलरीत कपडे वाळत घालायला मनाई झाली होती आणि त्या देशांत कपडे वाळत नाहीत का, एवढं एकच त्यांना जाणून घ्यायचं होतं. एक आजोबा मात्र खूश होते. परिषद दरवर्षी भरवा आणि आमच्या गल्लीतून न्या, अशी त्यांची मागणी होती.

मी पोलिसांना सांगितलं की हळद आहे. ते म्हणाले, पास आहे का. मी म्हटलं, लग्न आहे. ते म्हणाले, पास आहे का. संवाद पुढे सरकेना.

पण मी मागे फिरणाऱ्यातला नाही. गाडी वळवली.

पर्यायी मार्ग: कोलशेत रोड.

पर्यायी मार्गही बंद आहे. पुन्हा वरच्या परिच्छेदात जावे.

परत माजिवडा. त्याच बाई, तेच वाळत घालणं. सूर्य टॉवरच्या गच्चीवर टेकलेला. मी गाडी कडेला लावली आणि म्हणालो, "आत्या, चालत जाऊ."

"कासारवडवलीला?"

"कासारवडवलीला."

आत्यानं पदर खोचला, डबा पोटाशी धरला आणि निघालीच. आमच्या घरच्या बायकांना एकदा ठरलं की पाय विचारत नाहीत.

चालणाऱ्यांसाठी एक फट ठेवली होती. फटीच्या तोंडाशी सामान तपासायचं मशीन. सगळे आपापल्या पिशव्या पट्ट्यावर ठेवत होते. आत्याची पाळी आली.

"मावशी, डबा ठेवा."

"नाय ठेवनार. भुईला टेकायचा नाय."

शिपाई म्हणाला की ही भुई नाही, पट्टा आहे. आत्यानं विचारलं की पट्टा हवेत तरंगतो का. शिपायानं वाकून मशीनचे पाय पाहिले. ते भुईलाच टेकले होते. मग तो म्हणाला की निदान झाकण उघडा. आत्या म्हणाली की झाकण नवरीसमोर. आत काय आहे विचारल्यावर हळद म्हणाली. दाखवा म्हटल्यावर नाही म्हणाली.

इथं मी मध्ये पडलो. ती माझी चूक. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "साहेब, या डब्याला हात लावू नका, फार मोठं नुकसान होईल."

शिपाई एक पाऊल मागे गेला. मग दुसरं. मग त्यानं शिट्टी फुंकली.

पुढचं सगळं फार वेगात झालं. रांग पळाली. दोरी आली. टॉवरच्या बाई वाळत घालण्याचा प्रश्न अर्धवट टाकून घरात गेल्या. दोरीच्या आत आत्या, डबा, मी आणि सम्यक. सम्यक माझ्याकडे असा बघत होता, जसा माणूस आयुष्यातल्या मैत्र्या तपासून बघतो. श्वानपथक बोलावलंय, असं कुणीतरी म्हणालं.

खिशातला फोन थरथरायला लागला. आमच्या लग्नाचा ग्रुप, दोन्ही घरचा मिळून. जसा आला तसा देतो:

*सावधान. माजिवड्याला संशयास्पद डबा. सर्वांना पाठवा.*

*प्राप्तीचे बाबा: कुणाच्या घरचा दिवटा आहे हा? आजच बरं सुचलं.*

*सगुणाबाई: हळद कुठवर?*

*सगुणाबाई: दिवे लावायला घेतेय.*

*स्वानंददादा: यज्ञेश, माजिवड्यावरून जाऊ नको रे. तिकडे डबा सापडलाय.*

मी फोन पुन्हा खिशात टाकला. काही प्रश्नांना अंगठा दाखवता येतो, सगळ्यांना नाही.

एक गाडी आली. त्यातून उतरल्या फौजदार हेमांगी मॅडम आणि त्यांच्यामागे ब्रुनो. ब्रुनो म्हणजे काळा, उंच, तुकतुकीत कुत्रा, चेहऱ्यावर निवृत्तीला आलेल्या हेडमास्तरांचा भाव. मॅडमनी आत्याचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. कळलं ते असं की त्या मूळच्या दिवा गावच्या आणि त्यांच्या लग्नात उष्टी हळद अशीच उशिरा आलेली. त्या म्हणाल्या की मावशी, डबा तुमच्याच हातात राहू द्या, माणूस कुणी शिवणार नाही, फक्त झाकण जरासं उघडा, कुत्रा लांबून वास घेईल आणि तुम्ही मोकळ्या.

आत्यानं पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य टॉवरच्या गच्चीवरून खाली उतरला होता. तिनं झाकण जरासं उघडलं.

ब्रुनोनं लांबून वास घेतला.

मग जवळून घेतला.

मग नाक डब्यात घातलं, आत काहीतरी चाटलं आणि सगळ्या माजिवड्याला ऐकू जाईल असा शिंकला.

त्याला धरणारा शिपाई पिवळा झाला. ब्रुनोचं नाक, कपाळ, मिश्या, सगळं पिवळं. डबा साफ आहे, कुणीतरी ओरडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही तिघांनी नाही. मॅडमनीही नाही, त्यांनी तोंडावर हात ठेवला होता. त्यांना कळलं होतं.

हळद आता दादाची राहिली नव्हती. रीतीनं बघायचं तर प्राप्तीचं लग्न पोलीस खात्यात ठरलं होतं.

मी जोरात विचार करायला लागलो. वरचा थर काढून टाकू म्हणालो. आत्या म्हणाली, उष्ट्याला वर-खाल नसतं. माझ्या गळ्याला दादाच्या हळदीची बोटं अजून आहेत, ती खरवडून घ्या म्हणालो. सम्यक म्हणाला की मग नवरी तुझी होईल, दादाला काय सांगशील? डोंबिवलीला परत जातो म्हणालो, धावत जातो, उडत जातो, पण हळद आणतोच! कुणी ऐकत नव्हतं. रस्त्यावरचे दिवे लागले.

आत्या ब्रुनोकडे बघत होती. खूप वेळ. ब्रुनोही तिच्याकडे बघत होता. कपाळभर हळद, नाकावर हळद, शांत बसलेला. आणि मी आत्याचा चेहरा बदलताना पाहिला. तिनं डबा एका हातात घेतला, दुसऱ्या हातानं ब्रुनोच्या पायांना स्पर्श केला आणि तो हात कपाळाला लावला.

"भंडारा लागलाय त्याला," ती म्हणाली. "खंडोबाचं कुत्रं हाय ते. देवानं तोंड लावलं त्याला कुनी उष्टं म्हनतंय काय? परसाद झाला."

मग आजोबांनी, ज्यांना परिषद गल्लीत हवी होती, हात वर केले आणि म्हणाले, "येळकोट येळकोट!"

दुपारपासून अडकलेली माणसं ती. कशासाठी अडकलोय, कोण येणार, कधी येणार, काही ठाऊक नाही. ओरडायला कारण मिळालं. "जय मल्हार!" असा आवाज उठला की पुलाखालच्या मोरांचा रंग उडाला असता. लोक दोरीखालून वाकून पाया पडायला आले. वाळत घालणाऱ्या बाईंनी पुन्हा खाली येऊन दुभाजकातली शेवंती तोडून वाहिली. पोलिसांनी त्यांना अडवलं नाही, कारण पुढच्या रांगेत पोलीसच होते.

हेमांगी मॅडमच्या वायरलेसवर खरखर झाली. त्यांनी ऐकलं, डोळे मिटले, उघडले. पाहुणे हेलिकॉप्टरनं जाऊन जेवायला बसलेसुद्धा होते. रस्ता तरी अजून बंदच ठेवायचा होता, कारण उघडायचा हुकूम यायचा होता.

"या गाडीला रस्ता बंद नाही," मॅडम म्हणाल्या आणि श्वानपथकाच्या गाडीचं मागचं दार त्यांनी स्वतः उघडलं. "मावशी, बसा."

घोडबंदर रोड, संध्याकाळची वेळ आणि पुढेमागे एकही गाडी नाही! ठाण्यात जन्म काढलेल्या लोकांनी हे स्वप्नातसुद्धा पाहिलेलं नाही. दिवा फिरत होता, भोंगा वाजत होता. आत्या ताठ बसली होती, शेजारी ब्रुनो ताठ बसला होता, आणि मी व सम्यक खाली, त्याच्या पाणी प्यायच्या भांड्याशेजारी.

मी ग्रुपवर लिहिलं: *दिवे लावा, पण हळद लावू नका. पोचतोय.*

कासारवडवलीच्या मांडवात पोलिसांची गाडी शिरल्यावर आधी प्राप्तीचे मामा मागच्या दारानं गेले, का ते अजून कुणी विचारलेलं नाही. मग आत्या उतरली. उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगता माजिवड्यावर विजा चमकल्या, घोड्याच्या टापा ऐकू आल्या. मी तिथेच होतो, मला नव्हत्या आल्या, पण मी मान डोलावली. सगुणाबाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. उशिराचा उ कुणी काढला नाही. प्राप्तीला हळद लागली आणि बायकांनी गाणी धरली.

मग सगुणाबाई तबक घेऊन पुढे आल्या. उष्टी हळद घेऊन येणाऱ्या दिराला नवरीकडून टॉवेल-टोपीचा मान असतो. मी केस सारखे केले, खांद्यावरची धूळ झटकली आणि नम्रपणे मान खाली घातली.

मान खालीच राहिली. सगुणाबाई माझ्यापुढून गेल्या.

लग्नाचा अल्बम परवा आला. पहिल्याच पानावर ब्रुनो. डोक्यावर टोपी, गळ्यात टॉवेल, कपाळावर हळद. मागे दोन्हीकडची मंडळी हात जोडून उभी. खाली सोनेरी अक्षरांत छापलंय: हळद घेऊन आलेले दीर.

फोटोच्या अगदी कडेला एक मनगट दिसतं, ब्रुनोचा पट्टा धरलेलं. ते मी.