लाल टिकलीचं व्रत

"सगळं तपासत बसू नका, बकुळाताई! जिथं घात मोठा, तिथं आधी बघा!"

विश्वासराव साहेबांचं हे वाक्य इंदूरच्या प्रशिक्षणापासून देवासच्या घरापर्यंत बकुळाच्या कानात घुमत आलं. सोयाबीन तेलाच्या कारखान्यात ती अंतर्गत लेखापरीक्षण करायची, म्हणजे आपल्याच कारखान्यातल्या चुका आपणच आधी शोधायच्या. आजवर ती जपमाळ ओढावी तशी एकेक पावती तपासत आली होती. मणी सुटला तर पाप! आणि आता साहेब म्हणत होते, प्रत्येक गोष्टीला दोनच प्रश्न विचारा. बिघडायची शक्यता किती? बिघडलं तर घात केवढा? दोन्ही मोठं असेल तर लाल खूण, मध्यम असेल तर पिवळी, बाकी सगळं हिरवं.

एवढा अवाढव्य कारखाना, आणि तीन रंगांत मावतो! बकुळाला तर विश्वरूपदर्शनच झालं.

सरदारपूरच्या गोदामाचं ऑडिट एकटीनं करायला कोण जाणार, ते सोमवारी ठरणार होतं. बकुळाला जायचं होतं, अगदी मनापासून. साहेबांना शंका एकच होती.

"काम तुमचं चोख आहे, ताई. पण तुमचा आवाज मी अजून नीट ऐकलेला नाही. धोका दिसला तर ओरडाल ना?"

बकुळानं मानेनंच हो म्हटलं. आता मानेनं ओरडता येत असतं तर काय हवं होतं!

"बरं, सोमवारी संध्याकाळी धारहून परतताना तुमच्याकडे चहाला येतो. तोवर स्वतःच्या घरातली जोखीम शोधून खुणा करून ठेवा."

रविवारी बकुळानं टिकल्यांची पाकिटं काढली आणि आत्मविश्वासानं घर पालथं घातलं. गॅस सिलिंडरच्या नळीला लाल, इन्व्हर्टरला लाल, जिन्याच्या हलत्या पायरीला पिवळी. सासऱ्यांनी, म्हणजे भैयासाहेबांनी, भिंगातून नळी न्याहाळली.

"सूनबाई, कपाळावरची टिकली इथं कशी घसरली?"

"धोक्याची खूण आहे, भैयासाहेब."

"मग एक माझ्या कपाळाला लाव! तुझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी माझ्यावरच पाकीट संपवलं असतं!"

सोमवार उजाडला. श्रावणी सोमवार! बकुळाचा निर्जळी उपास आणि दिवे लागेपर्यंत मौन. त्यासाठी ती दरवर्षी रजा घेते. मौन म्हणजे मौन. लिहून सांगणं तिच्या लेखी पळवाट! भैयासाहेब मित्रांबरोबर हाटपिपल्याला नृसिंहाच्या दर्शनाला गेले होते, म्हणजे घरात बोलणारं कोणी नव्हतंच.

सकाळी शेजारच्या इंदूकाकू बेलाची पानं घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या.

"अगंबाई! सिलिंडरला टिकली? नवं व्रत धरलंस की काय?"

बकुळानं जोरात मान हलवली. नाही!

"सांगायचं नसतं होय? गुप्त आहे?"

बकुळानं आणखी जोरात मान हलवली.

"म्हणजे सांगितलं तर फळ जातं! बाई बाई बाई!" काकूंनी आपलेच गाल थोपटून घेतले. "फळ तरी काय गं याचं?"

बकुळा घाईला आली. तिनं नळीकडे बोट दाखवलं, दोन्ही हात वर फेकले आणि डोळे विस्फारले. स्फोट!

"एवढं मोठं फळ!" काकू गहिवरल्या. सिलिंडरला वाकून नमस्कार करून त्या निघाल्या, त्या थेट गल्लीत!

बकुळाची व्रतं गल्लीला ठाऊक होती. ती जे करते ते शास्त्राला धरूनच असणार, ही सगळ्यांची खात्री. दुपारपर्यंत घरोघरच्या सिलिंडरांना टिकल्या लागल्या. महिला मंडळाच्या ग्रुपवर फोटो फिरले. कोणी गूळ-चण्याचा नैवेद्य ठरवला, कोणी प्रदक्षिणा घातल्या. ज्यांचा सिलिंडर ओट्याखाली होता, त्यांनी ओट्यालाच प्रदक्षिणा घातली! बकुळा खिडकीतून बघत राहिली. कारखान्यात एक सूचना लागू करायला महिने जातात, आणि इथं एका टिकलीनं गल्ली हलली! तिला भीतीही वाटली आणि अचंबाही.

दुपार कलता कलता समोरची शिखा तांब्या घेऊन आली. हिंदी शाळेत शिकलेली पोर, तिचं मराठी वाटेत रूळ बदलायचं.

"भाभी, इन्व्हर्टरला जल चढवायचं है ना? पाच मिनिट में चढवते!"

जल! इन्व्हर्टरवर! बकुळानं झडप घालून तांब्या हिसकावला. ओतायचा कुठे ते सुचेना, म्हणून घटाघट पिऊन टाकला. निर्जळी उपास गेला!

"अच्छा, तीर्थ पिणेका है!" शिखानं हात जोडले. "मी सबको सांगते. उधर इंदूकाकी तर सिलेंडरची आरती करून राहिली. निरांजन भी तयार आहे."

बकुळा अनवाणी धावली. काकूंच्या दारातच नाकाला वास झोंबला. गॅस! आत साग्रसंगीत थाट. सिलिंडरला झेंडूचा हार, समोर रांगोळी, आजूबाजूला पाच-सहा बायका, आणि काकूंच्या हातात काडेपेटी. काकूंना सर्दी, बाकीच्यांच्या नाकाशी उदबत्तीचा पुडा. कोणाला काही कळेना!

बकुळानं हातवारे केले. काकूंनी हसून तिला पुढे बोलावलं.

"ये ये! तुझ्याच हस्ते होऊ दे!"

आणि काडी पेटीला टेकली.

लग्न होऊन आली तेव्हापासून एकाही श्रावणी सोमवारी मोडलं नव्हतं ते मौन बकुळाच्या गळ्याशी आलं. शक्यता किती? घात केवढा? मौन मोडलं तर देव रागावेल. न मोडलं तर सगळ्या मिळून त्याला समोरच भेटतील!

"काडी ओढू नकाऽऽ!"

असा आवाज गल्लीनं कधी ऐकला नव्हता. बकुळानंही नाही! काकूंच्या हातातली काडेपेटी गळून पडली. बकुळानं रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, सगळ्यांना अंगणात काढलं. मग नळी पाहिली. वाकवली तशी ती ठिकठिकाणी उललेली दिसली.

बायका हात जोडून उभ्या होत्या. काकू म्हणाल्या,

"देवीमाईच अंगात आली गं! नाहीतर हिचा असा आवाज!"

"अहो काकू, माई नाही, मीच ओरडले!"

"माई असंच म्हणते!"

विश्वासराव काकूंच्या फाटकाशी उभे होते. बकुळा ओरडली तेव्हा त्यांची गाडी नुकतीच वळणावर आली होती. सगळी हकीकत ऐकून त्यांनी उललेली नळी स्वतः वाकवून पाहिली.

"कमाल आहे! मी इतकी वर्षं कागदावर लाल खुणा करतोय, कोणी वळून बघत नाही. तुमच्या खुणेला लोक हार घालतात! आणि आवाज, ताई? मला गाडीच्या बंद काचेतून ऐकू आला! सरदारपूर तुमचं."

बकुळाच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पण काम अर्धं राहिलंय," साहेब म्हणाले. "उद्या दुसऱ्या कोणी सिलिंडरपुढे दिवा लावला तर? खुणेचा खरा अर्थ आज घरोघर पोचायला हवा. सांगाल?"

"सांगते," ती म्हणाली. मानेनं नाही, तोंडानं.

दिवे लागले. बकुळानं देवापुढे नाक घासून मौनाची आणि पाण्याची माफी मागितली. तेवढ्यात हाटपिपल्याहून भैयासाहेब परतले.

"सूनबाई, कोपऱ्यावर चार अनोळखी बायका विचारत होत्या, टिकलीवाल्या माईचं घर कोणतं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"हेच म्हणून सांगितलं. गूळ-चणे मिळाले!" त्यांनी मूठ उघडली. "चांगले आहेत. घे."

बकुळानं कपाळाला हात लावला. मग पदर खोचला, घसा खाकरून आवाज आहे ना ते पाहिलं, आणि फाटक हळूच ओढून घेत इंदूकाकूंच्या घराकडे चालू लागली.