आवडाबाई पणास लागल्या त्या पंचाक्षरी पैजेची हकीकत

श्रीगजाननाचे पायी माथा ठेवोन, जिभेस ‘पदरचे घालू नकोस’ ऐसी ताकीद देऊन, आणि ती ऐकणार नाही हे जाणोन, ही हकीकत लिहितो. शके सतराशे चोपन्न, नंदननाम संवत्सरे, वैशाख मासी, एका राज्यात, ज्याचे नाव कोणी पुसू नये, आमचे महाराज सुखे राज्य करीत होते. त्या साली एक टोपीकर साहेब मुक्काम करोन गेला आणि जाता जाता महाराजांस एक खेळ शिकवोन गेला. तो ऐसा की, इंग्रजी अक्षरांच्या लाकडी सोंगट्या थैलीत घालाव्या, त्यांतून तीन काढाव्या, आणि ती तिन्ही अक्षरे ज्यात येतील ऐसा पाचच अक्षरांचा इंग्रजी शब्द सांगावा. चार नको, सहा नको. महाराजांस याचे ऐसे वेड लागले की शिकार राहिली, गाणे राहिले, आणि अवघा दरबार इंग्रजी घोकू लागला. परंतु महाराजांचे आधी कोणी शब्द सांगो नये ही दरबारची रीत. म्हणोन शब्द जिभेवर आला तरी सर्वांनी डोके खाजवावे, ‘छे बोवा, सुचत नाही’ म्हणावे, मग महाराजांनी तोंडास येईल ते बोलावे आणि सर्वांनी शाबास शाबास करावे. एकदा निळोपंत दिवाणांस कोणी हळूच पुसले की, हा शब्द विलायतेत आहे काय? तेव्हा ते बोलिले, “नसेल तर विलायतेचे दुर्दैव!” ऐसे हरता हरता दरबार हुशार जाहला आणि जिंकता जिंकता महाराज होते तेथेच राहिले.

मग नदीपारच्या राजांसही हाच नाद लागला आहे ऐसी बातमी आली आणि महाराजांस स्फुरण चढले. पैज ठरली. नदीपारच्या राजांनी आपला हत्ती पणास लाविला, आणि आमच्या महाराजांनी, काय सांगावे, भरल्या पंगतीत भान सुटोन मुदपाकखान्याच्या आवडाबाईंस पणास लाविले! त्यांच्या हातचे जेवण ज्याने एकदा जेविले तो घरी जाऊन बायकोशी भांडला, ऐसी त्यांची कीर्ती. परंतु बाईंची लेक याच गावी बाळंतपणास आली होती, दिवस भरत आले होते, आणि आईने नदीपार जावे म्हणजे काय? बाईंनी हाती होते ते पातेले आपटले आणि बोलिल्या, “मी काय हत्ती आहे?” हे महाराजांस कळवावयास कोणी धजले नाही.

पैजेचे दिवशी नदीकाठी मांडव घातला, आणि पंच म्हणोन एक म्हातारे पाद्रीबाबा बसविले, ज्यांस मुर्वत म्हणोन ठाऊक नव्हती. सोंगट्या निघाल्या त्या एम, एन आणि जी. दोहींकडच्या दरबाऱ्यांस शब्द तात्काळ उमगला. आमचे महाराज दाढी कुरवाळोन बोलिले, “गोमन!” पाद्रीबाबा बोलिले, “नाही.” नदीपारचे राजे गरजले, “नगमो!” पाद्रीबाबा बोलिले, “नाही.” ऐसे चालता चालता ऊन माथ्यावर आले. मग निळोपंतांस राहवेना, त्यांनी करंडीतला एक आंबा उचलला, हुंगला, कपाळास लाविला, महाराजांचे समोर नाचविला. महाराज कळवळोन बोलिले, “दिवाणजी, ऊन लागले काय? कोणी कांदा आणा रे!” पलीकडचे दिवाणही आपल्या धन्यापुढे दोन आंबे घेऊन तेच करीत होते, आणि त्यांस सावलीत निजविण्याचा हुकूम जाहला.

इतक्यात आवडाबाई रसाची वाटी घेऊन आल्या, ती महाराजांपुढे ठेविली आणि पदर खोचोन उभ्या राहिल्या. “महाराज, अन्नदाते म्हणून आजवर गप्प बसले. पण पणाला लावताना मला विचारलंत का? लेक माझी अवघडलेली. तिच्या उशाशी कोण बसेल, तो हत्ती?” महाराजांचे तोंड उतरले, आणि ते उठोन हात जोडोन बोलिले, “बाई, चुकलो. आपण कोठे जाणार नाही. आणि पाद्रीबाबा, खरे सांगतो, आम्हांस शब्द येत नाही. आम्ही हरलो.” तेव्हा नदीपारचे राजे सुटकेचा श्वास टाकोन बोलिले, “राजे, आम्हांसही येत नाही. आमचे लोक मुद्दाम हरतात ऐसा आम्हांस फार दिवसांचा संशय आहे.” महाराज गर्रकन वळले. “निळोपंत, तुम्हीही? म्हणजे आम्ही कधीच जिंकलो नाही?” निळोपंत घाम पुसोन बोलिले, “एकदा जिंकला होतात, महाराज. पण ते चुकून.”

क्षणभर वाटले, आता दिवाणजींचे काही खरे नाही. परंतु महाराज जे हसो लागले ते डोळ्यांस पाणी येईतो हसले, नदीपारचे राजे हसले, पाद्रीबाबाही हसले, आणि दोघे राजे शेजारी बसोन एकाच वाटीतला रस ओरपीत पुन्हा सोंगट्या चाळवू लागले. रस कोपरापर्यंत ओघळला तेव्हा दोघांनी एकमेकांच्या हाताकडे पाहिले आणि एकदम किंचाळले, “मँगो!” पाद्रीबाबा बोलिले, “होय.” मग जी शाबासकी उठली ती आजवर त्या दरबारी कोणी ऐकिली नव्हती. महाराजांस ती निराळी आहे हे कळले, आणि ते लहान लेकरागत लाजले.

हत्ती आपल्या घरी गेला, बाई आपल्या. आठवड्यात लेकीस मुलगी जाहली आणि बारशास दोघे राजे येऊन जेविले. आवडाबाईंनी तेथेच सुनाविले की, यापुढे खरे खेळावे, आणि जो हरेल त्यास रसाची पहिली वाटी. येणेप्रमाणे राज्यात आनंदीआनंद जाहला. आता महाराज रोज हरतात आणि पहिली वाटी घेतात. निळोपंतांनी रसाच्या लोभाने पुन्हा मुद्दाम हरोन पाहिले, परंतु महाराजांइतके मनापासून हरणे त्यांस साधले नाही.