बॉल द्या, ब्राटवुर्स्ट घ्या

पद्माकर टिपणीसला खेळातलं सगळं कळतं, याबद्दल पद्माकर टिपणीसच्या मनात कधीच शंका नव्हती. पुण्यात कॉलनीच्या टीममध्ये तो स्लिपला उभा राहायचा, आणि स्लिपला उभा राहणारा माणूस बॅट्समनच्या मनातलं ओळखतो, असं तो छातीठोकपणे सांगायचा. बायकोच्या मनातलं त्याला कधी ओळखता आलं नाही, पण तो खेळच निराळा!

साल होतं २००६. अख्खा जर्मनी फुटबॉलच्या वर्ल्ड कपची वाट बघत होता. फ्रँकफर्टच्या ज्या सॉफ्टवेअर कंपनीत पद्माकर नोकरीला होता, तिथेही कामापेक्षा फुटबॉलच जास्त चालायचा. अपवाद एकच, त्याचे साहेब हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर. ते कँटीनच्या कोपऱ्यात एकटे बसून उकडलेले बटाटे खात. सकाळी 'मॉर्गन', जेवताना 'मालत्साइट' आणि संध्याकाळी 'च्यूस', एवढ्यात त्यांचा दिवस भागायचा. आणि नेमकी याच माणसाच्या हातात पद्माकरची नोकरी होती! त्याचा करार 'बेफ्रिस्टेट', म्हणजे मुदतीचा. डिसेंबरात मुदत संपणार. मग लिंडनरसाहेबांच्या मनात आलं तर नोकरी कायमची, नाहीतर बॅगा भरून पुणे.

पुण्याला पद्माकरची ना नव्हती. त्याच्या बायकोची, नीलिमाची होती. वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर काढल्यावर तिला यंदा जवळच्याच बाड हॉम्बुर्ग गावाच्या कडेला श्रेबरगार्टन मिळालं होतं. श्रेबरगार्टन म्हणजे भाड्याने मिळणारा बागेचा एक तुकडा, त्यात एक लाकडी खोपटं आणि शेजारच्या तुकड्यात आपलं तण मोजत बसणारी एक म्हातारी. नीलिमाला ते मिळालं तेव्हा ती चक्क रडली होती.

"अहो, एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "तुमची नोकरी गेली तर तुम्ही खुशाल पुण्याला जा. मी माझ्या बागेतून हलणार नाही!"

अशा परिस्थितीत एके दिवशी कँटीनमध्ये लिंडनरसाहेबांनी आपणहून तोंड उघडलं.

"हेर टिपणीस, तुम्हाला बेसबॉल आवडतो?"

पद्माकरने जन्मात बेसबॉल पाहिला नव्हता. पण संधी दारात उभी असताना तिला कोण तुम्ही, म्हणून विचारायचं नसतं.

"आवडतो म्हणजे काय! आमच्या क्रिकेटचं धाकटं भावंडच ते! मी तर लहानपणापासूनचा फॅन!"

लिंडनरसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून सीझन तिकीट काढून पद्माकरसमोर ठेवलं. "टाऊनुस फाल्केन. आमची टीम. माझ्या शेजारची जागा रिकामीच असते. शनिवारी या."

"अहो, पण तुम्हाला त्यातलं काय कळतं?" घरी नीलिमाने विचारलं.

"ज्याला क्रिकेट कळतं, त्याला बेसबॉल अर्ध्या तासात कळतो!"

अर्धा तास गेला. एप्रिल गेला. मे गेला. पद्माकरला काहीही कळलं नाही.

पहिल्याच मॅचला एका गड्याने बॉल टोलवला आणि बॅट फेकून देऊन पळत सुटला. "अरे, बॅट! बॅट विसरला!" पद्माकर ओरडला. आजूबाजूच्या माणसांनी वळून पाहिलं. मग दुसरा एक जण, बॉलला कोणी हातही लावला नसताना, मधूनच पळाला. तो दुसरीकडे जाऊन पोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिंडनरसाहेब म्हणाले, "चोरली!" काय चोरलं ते पद्माकरला दिसलं नाही, पण त्याने खिशातलं पाकीट चाचपून पाहिलं. पुढे एक बॅट्समन काहीच न खेळता चालत चालत निघून गेला. पद्माकरने हळहळून "बिचारा!" म्हटलं, तर त्या बिचाऱ्याचं सगळ्यांनी अभिनंदन केलं!

शेवटी पद्माकरने एक युक्ती काढली. साहेब उठले की उठायचं, साहेब कण्हले की कण्हायचं, आणि साहेबांनी काही विचारलं की ठामपणे म्हणायचं, "गेनाऊ!" म्हणजे, अगदी बरोबर! जर्मनीत या एका शब्दावर माणूस पेन्शनपर्यंत जाऊ शकतो, असं त्याचं मत होतं.

एक गोष्ट मात्र त्याला पक्की कळली. अधूनमधून बॉल तिरका उडून प्रेक्षकांत यायचा. मग लाउडस्पीकरवरून आवाज येई, "बॉल परत करा, ब्राटवुर्स्ट घ्या!" क्लब काही श्रीमंत नव्हता, बॉल महागाचे. परत करणाऱ्याला गाड्यावर एक भाजलेलं सॉसेज फुकट. जूनमध्ये असाच एक बॉल सणसणत आला. पद्माकर त्या वेळी डबा खात होता. तो पडला शाकाहारी, त्यामुळे मैदानावर त्याला खाण्याजोगा फक्त पाव. म्हणून नीलिमा दर शनिवारी पोळीभाजी बांधून द्यायची. त्याने मांडीवरचा डबा सांभाळत तो बॉल हवेतच झेलला. नुसत्या हातांनी!

अख्खं स्टँड उठून उभं राहिलं. लिंडनरसाहेब आपल्या हातातल्या भल्यामोठ्या चामडी ग्लव्हकडे बघतच राहिले. तो ग्लव्ह घेऊन ते वर्षानुवर्षं येत होते आणि त्यात एकही बॉल पडला नव्हता. पद्माकरने बॉल नेऊन दिला आणि सॉसेज आणून साहेबांना दिलं.

मग हा उद्योगच झाला. बॉल आला की पद्माकर झेलायचा, पद्माकर परत करायचा आणि लिंडनरसाहेब सॉसेज खायचे. पुढे पुढे तो बॉल नेऊन देण्याचेही कष्ट घेईना, जागेवरून सपाट थ्रो मारायचा. लोक "इंडर! इंडर!", म्हणजे भारतीय, भारतीय, म्हणून ओरडायचे. साहेब तर चक्क बोलू लागले. ऑगस्टमध्ये एकदा तोंडात सॉसेज असताना त्यांनी हात पुढे केला. "मला क्लाउस म्हण."

पद्माकर घरी नाचतच आला. "नीलिमा, साहेबांनी मला अरे-तुरे केलं! जर्मन माणूस अरे-तुरेवर आला म्हणजे नोकरी पक्की!"

"असं सांगितलं त्यांनी?"

"सांगायला कशाला हवं? खेळातलं कळतं मला!"

सप्टेंबरमध्ये सीझनची शेवटची मॅच आली. त्या दिवशी क्लाउस नेहमीच्या जागेवर बसला नाही. तो पद्माकरला घेऊन मैदानाच्या पार पलीकडे, कुंपणामागच्या गवतावर जाऊन उभा राहिला. तिथून बॅट्समन मुंगीएवढा दिसत होता. शेजारी घडीच्या खुर्चीवर, पायांवर ब्लँकेट घेऊन एक आजी बसल्या होत्या.

"माझी आई," क्लाउस म्हणाला. त्याचा आवाज जरा कापरा होता. "हे बघ, आज उवेची शेवटची मॅच. माझा धाकटा भाऊ. बॉल आला तर इथेच येईल. तू माझ्यापेक्षा चांगला झेलतोस. बॉल आपल्याला पाहिजे. कळलं ना?"

क्लाउसचा भाऊ या टीममध्ये आहे हेच पद्माकरला आत्ता कळत होतं. शेवटची मॅच म्हणजे काय, बॉल इतक्या लांब कसा येईल, हेही काही कळेना. पण झेलायचा आहे एवढं त्याने ओळखलं.

"गेनाऊ!"

खेळ सुरू झाला. पद्माकरने सवयीप्रमाणे डबा उघडला. दोनतीन घास झाले असतील नसतील, तोच तिकडे खाट्कन आवाज झाला. बॉल वर गेला, आणखी वर गेला आणि सरळ त्यांच्याच दिशेने येऊ लागला. क्लाउस ग्लव्ह उंचावून मागे मागे सरकू लागला. पद्माकरने डबा टाकला, उडी मारली आणि साहेबांच्या डोक्यावरून बॉल उचलला!

असा जल्लोष त्याने पुण्यातसुद्धा कधी ऐकला नव्हता. आजी ब्लँकेट टाकून उभ्या राहिल्या. क्लाउसने दोन्ही हात पसरले. पद्माकरच्या डोक्यात एकच विचार आला. सिक्सर! खेळ खोळंबलाय! कॉलनीत सिक्सरचा बॉल कोणी दाबून ठेवला तर त्याला महिनाभर बॅटिंग मिळत नसे. त्याने हात मागे नेला आणि आयुष्यातला सगळ्यात सुंदर थ्रो मारला.

बॉल झपकन मैदानात गेला. तिथल्या खेळाडूने तो उचलून आत फेकला आणि कोणीतरी तो बॉलांच्या बादलीत टाकला.

जल्लोष थांबला. क्लाउसचे पसरलेले हात तसेच राहिले. मग तो कुंपणाला वळसा घालून धावत सुटला.

सॉसेजसाठी एवढी घाई? पद्माकरला नवल वाटलं.

"तू काय केलंस हे?" आजींनी विचारलं.

"परत दिला, आजी. नियम आहे."

"तिरका उडालेला परत देतात! कुंपण ओलांडून आलेला होम रन! तो ज्याला मिळेल त्याचा!"

"कधीपासून?"

"कायमच!" आजी मटकन खाली बसल्या. "माझा उवे तरुणपणापासून खेळतोय. त्याचा हा पहिला होम रन. पहिला आणि शेवटचा! तो बॉल मी कपाटात ठेवणार होते, त्याच्या बाबांच्या फोटोशेजारी."

पद्माकरच्या डोळ्यांसमोर आधी आजींचं कपाट आलं, मग नोकरी, मग बागेच्या फाटकाला घट्ट धरून उभी असलेली नीलिमा. तो आजींसमोर हात जोडून म्हणाला, "आजी, मी आणतो. नाही आणला तर तोंड दाखवणार नाही!"

मॅच संपली तेव्हा क्लाउस बादलीपाशी बसला होता. बादली काठोकाठ भरलेली आणि सगळे बॉल एकसारखे. त्याने पद्माकरकडे पाहिलंही नाही.

"हेर टिपणीस," तो म्हणाला, "तुम्ही घरी गेलात तरी चालेल."

हेर टिपणीस! तुम्ही! पद्माकरला कोणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. त्याने मान खाली घातली आणि त्याला आपली बोटं दिसली. पिवळी! हळदीची!

"साहेब! भाजी! मी भाजी खात होतो! त्या बॉलवर पिवळी बोटं असणार!"

क्लाउसने बादली गवतावर उपडी केली. दोघे गुडघ्यांवर बसले. हा बघा पिवळा! सापडला! आणि हाही पिवळा. हासुद्धा? आणि तो? पद्माकरने सबंध सीझनभर बॉल झेलले होते, सबंध सीझनभर डबा खाल्ला होता, आणि हळद काही निघत नसते. निम्मी बादली पिवळी होती!

क्लबचं सामान सांभाळणारा दाढीवाला माणूस लांबून ओरडला, "तरीच! मला वाटलं, बॉलांना बुरशी लागते आहे! मी दोनदा औषध फवारलं!"

पद्माकरने शेवटचा उपाय म्हणून घरी फोन लावला.

"नीलिमा, आज डब्यात काय होतं?"

"अहो, खाल्लंत ना तुम्ही?"

"खाल्लं गं! पण काय होतं?"

पलीकडून तिचा आवाज आला, अगदी हळू. "मेथी होती. आपल्या बागेतली पहिली मेथी. मी मुद्दाम काही बोलले नाही. म्हटलं, घास घेतल्यावर यांना आपोआप कळेल!"

"नीलिमा, तू देवी आहेस!" असं म्हणून त्याने फोन ठेवला. या कौतुकाचा काही उपयोग होणार नाही, हे त्याला नंतर घरी कळायचंच होतं.

पिवळे बॉल एकेक करून पाहिले. एकाच्या लाल शिवणीत बारीकसं हिरवं पान अडकलेलं होतं. पद्माकरने वास घेतला. लसूण आणि मेथी! त्याने तो बॉल दोन्ही हातांवर ठेवून आजींना नेऊन दिला. आजींनीही वास घेतला, नाक मुरडलं, आणि बॉल ब्लँकेटमध्ये गुंडाळून छातीशी धरला. उवे त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. पद्माकरही रडला. क्लाउस गवतावरचे बॉल पुन्हा बादलीत भरत बसला.

सोमवारी सकाळी त्याने पद्माकरला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक पाकीट होतं.

"तुझा करार. उनबेफ्रिस्टेट. कायमचा."

अरे-तुरे परत आलं होतं! पद्माकरने पाकिटाकडे हात नेला. "म्हणजे तो बॉल सापडला म्हणून..."

"बॉल?" क्लाउस गोंधळला. "यावर सही मी मार्चमध्येच करून ठेवली होती. तुझं काम चांगलं आहे. आमच्या पर्सोनालआब्टाइलुंगला, त्या एचआरवाल्यांना, एक कागद पुढे सरकवायला सीझन लागतो. बेसबॉलचा नोकरीशी काय संबंध?"

पद्माकरच्या डोळ्यांसमोरून सगळे शनिवार सरकत गेले. रणरणत्या उन्हातले, पावसातले, पाकीट चाचपण्यातले.

"मग... मला दर शनिवारी का बोलावत होतास?"

"तूच म्हणालास, लहानपणापासूनचा फॅन! मला खेळ समजावून सांगायचा कंटाळा. आधी जे कोणी शेजारी बसायचे ते सारखे प्रश्न विचारायचे. तू पहिला माणूस, ज्याला सगळं आधीच कळत होतं." क्लाउसने खण उघडला आणि पुढच्या वर्षीचं सीझन तिकीट त्या पाकिटावर ठेवलं. "पुढच्या वर्षी प्रॅक्टिस बघायलाही जाऊ. मंगळवारी आणि गुरुवारी. येशील ना?"

करार खाली होता आणि तिकीट वर. एक उचलायचं तर दुसरं उचलावंच लागत होतं.

"गेनाऊ," पद्माकर म्हणाला.