कळलावीचा पत्ता

वनस्पती ओळखण्यात मी कधी चुकत नाही! पान दाखवा, कूळ सांगतो; पाकळी दाखवा, नाव सांगतो. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्रात पहिला आलो, ते काय उगाच? म्हणूनच आमच्या पुण्याच्या कचेरीने आपल्या देशातल्या मूळच्या फुलझाडांचं सचित्र पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा इकडची झाडं रंगवायला मला भोसरीला धाडलं.

भोसरीतली माझी खोली म्हणजे वाळत घातलेल्या पानांचं गोदाम. शेजारी पिंपरीच्या नव्या कारखान्यात जाणारे दोघे राहत. मी जागा असे तेव्हा ते झोपलेले, नाहीतर कामावर. दिवसभर मी तेरड्याशी बोलायचो. तेरडा सगळं ऐकून घेई, पण उत्तर देत नसे! माझ्याशी बोलायच्या त्या फक्त मंजुळाबाई. खोली त्यांचीच, जेवणही त्यांच्याकडे. त्याही ताटाशी उभ्या राहून एकच वाक्य बोलत, "आनि वाढू का, मास्तर?" मी मास्तर नव्हे, हे मी कधी सांगितलं नाही. उगाच बोलणं बंद पडायचं! 'नको' म्हणायलासुद्धा मी पुष्कळ वेळ लावत असे. तेवढा वेळ त्या उभ्या राहत.

भाद्रपदात पुस्तकातलं माझं एकच चित्र उरलं. कळलावीचं. नाव भांडकुदळ, पण फूल असं की जणू कुणी पेटती चूल वेलीवर टांगली आहे! तिचं लॅटिन नाव घेऊन भोसरीत कोण ओळखणार? म्हणून पारावर बसलेल्या लक्ष्मणरावांना मी स्वच्छ मराठीत विचारलं, "या आळीत कळलावी कुठं सापडेल?"

लक्ष्मणरावांनी चिलीम बाजूला ठेवली. "कशाला पायजे?"

"चित्र काढायचंय."

"कळलावीचं?"

"हो. ऐन भरातली हवी. आधी पिवळी असते, मग हळूहळू लालबुंद होते."

"व्हतीच की! समदा गाव बघतोय!" पारावरच्या सगळ्यांना एकदम खोकला आला. "आवं मास्तर, गावभर कशाला हिंडता? तुमी जेवता त्याच घरी हाय की!"

केवढी सोय! मी धावतच गेलो. मंजुळाबाई भाकरी थापत होत्या.

"मंजुळाबाई, कळलावी तुमच्याच घरी, आणि मला पत्ता नाही!"

थापण्याचा आवाज थांबला. "कोन म्हनलं?"

"सगळा पार म्हणतोय."

"आन तुमाला काय वाटतं?"

"मी पाहिल्याशिवाय बोलत नाही," मी शास्त्रीय बाण्याने म्हणालो. "आधी मूळ बघावं लागेल. वरून देखणी, पण मुळात विष असतं!"

"माझं मूळ काढता?" मंजुळाबाई परातीसकट उठल्या. "चाकनच्या पाटलाची लेक हाय मी! आन मी कुनाची भांडनं लावली वं?" पिठाचा हात त्यांनी कुंपणाकडे रोखला. "कळलावी पायजे न्हवं? ती पल्याड ऱ्हाती! जावा तिकडं!"

पल्याड त्यांची धाकटी जाऊ शालनबाई राहत असे. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा एकीच्या वाट्याला पाटा आला आणि दुसरीच्या वाट्याला वरवंटा. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या, आणि दोघींच्याही घरी चटणी वाटली जात नव्हती. हे मला ठाऊक होतं. पण शास्त्राला वाटण्यांशी काय करायचंय? मी निघालो.

"शालनबाई, मंजुळाबाईंनी पाठवलंय. कळलावी इथं राहते म्हणाल्या. मुळासकट उपटून नेतो, म्हणजे तुम्हालाही त्रास नको!"

शालनबाईंनी शांतपणे पदर खोचला. मग भोसरीपासून दापोडीपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली, "मंजुळेऽऽ!"

दोघी जावा कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या ठाकल्या.

"मला कळलावी म्हनतीस?"

"मंग काय म्हनू? लक्षुमी?"

"तुज्या डोस्क्यात वरवंटाच घालाय पायजे!"

"घाल की! पाटा माज्याकडं हाय!"

पारावरची मंडळी चिलमीसकट हजर झाली. आणि तेवढ्यात मला ती दिसली! निवडुंगाच्या कुंपणात, बरोबर दोघींच्या मधोमध! पानांच्या टोकांनी काट्यांना विळखे घातलेले, सहाही पाकळ्या ज्वाळांसारख्या मागे उलटलेल्या!

"हीच! हीच ती कळलावी!" मी बोट रोखून ओरडलो.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मंजुळाबाईंना वाटलं बोट त्यांच्याकडे, शालनबाईंना वाटलं त्यांच्याकडे. मी मात्र मांडी ठोकून कागद पसरला. ऊन फिरायच्या आत रंग पकडायचा होता!

दोघी कुंपणावरून वाकल्या.

"काय करतोय वं ह्यो, आक्का?" शालनबाईंनी विचारलं. वाटण्यांनंतर जावेला विचारलेला पहिला सरळ प्रश्न!

"फूल काढतोय."

"म्हंजी ह्या येलीला कळलावी म्हनत व्हता? आपन तर हिला खड्यानाग म्हनतो!"

"याडं हाय," मंजुळाबाई म्हणाल्या. "ताटावर बी आसंच बसतंय. नुसतं 'नको' म्हनाया आर्धा तास!"

दोघी हसत सुटल्या. शालनबाईंनी हसता हसता निवडुंगावर हात टेकला, आणि काटे काढायला मंजुळाबाईंना कुंपण ओलांडून पलीकडे जावं लागलं. संध्याकाळी त्यांच्यामागून पाटाही गेला.

चित्र झकास उतरलं. त्याखाली लोकांच्या समजुतीही लिहायच्या असतात. मी लिहिलं: 'ही वेल घरात आणल्यास भांडणे होतात असे म्हणतात. येथे उलट आढळले. प्रयोग एकदाच झाल्याने निष्कर्ष काढता येत नाही.'

माझ्यापुरता निष्कर्ष मात्र निघाला आहे. मंजुळाबाई आता माझं ताट खोलीच्या उंबऱ्यावर झाकून ठेवतात आणि लगबगीने कुंपणाशी जातात. चटणी फर्मास असते. मी जेवतो. बाहेर दोघींचं बोलणं संपत नाही. मी जवळून गेलो की ते थांबतं, आणि पुढे गेलो की मागून हसू येतं.

म्हणून मी ठरवलंय, उद्या पलीकडच्या आळीत जायचं आणि दारोदार विचारायचं, "तुमच्यात घाणेरी कुठं आहे हो?" ते झुडूप मूळचं परदेशातलं, आमच्या पुस्तकात त्याला जागा नाही. नसेना का! कुणीतरी बाहेर येऊन चार शब्द तरी बोलेल!