गाडीला घराचा दाखला

गेल्या महिन्यात वाहन तपासणी कचेरीने आमची गाडी घर असल्याचा दाखला दिला. आबा तो घेऊन आले आणि म्हणाले, पाण्याचा नळ कुठे जोडायचा ते विचारायचं राहिलंच.

आबा म्हणजे माझे सासरे, यशवंत धुमाळ. कराडच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले. यंत्राचा त्यांचा अनुभव वर्गातल्या पृथ्वीगोलापुरता, तोही बोटाने फिरवायचा. पण गाडी मेकॅनिकच्या हाती द्यायची नाही, हा बाणा. गाडी चौतीस वर्षांची आणि तिला रोज एक दुखणं. रेडिएटर गळला की त्यात दोन चमचे हळद. पेट्रोलची टाकी पाझरली की कपड्याच्या साबणाची वडी चोळून भोक बुजवायचं. एवढं ट्रकवालेही करतात. आबा पुढे गेले. माझी कपडे वाळत घालायची तार क्लचला लागली. कपाटाची मूठ दाराला गेली. कुकरची रिंग मी चार वेळा आणली आणि चारही वेळा ती बॉनेटखाली सापडली. आमच्याकडे डाळ शिजायची नाही, पण गाडी धावायची. मी चिडायचे, आणि का चिडू नये?

त्यात भर विट्याची. आबांची थोरली बहीण, आक्का, विट्याला एकट्या राहतात. इतक्या वर्षांत गाडी विट्याला गेली आणि आपण होऊन परत निघाली, असं एकदाही झालं नाही. ती आक्कांच्या दारातच बसायची. मग आक्का घरात जाऊन काहीतरी हुडकून आणायच्या आणि आबा ते ठोकून बसवायचे.

जुन्या गाडीची ठरावीक वर्षांनी तपासणी असते, तशी ती झाली. तपासनीस घोलप नावाचे शांत गृहस्थ होते. त्यांनी दोन दिवस गाडी सुटी केली, एकेक वस्तू काट्यावर ठेवली आणि ती कुठून आली ते आबांना विचारून यादी केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी नियम सांगितला. ज्याचं निम्म्याहून जास्त वजन घरगुती सामानाचं, ते वाहन नव्हे, ते घर.

मी विचारलं, घराला चाकं कशी?

“चाकं नसावीत असा नियम नाही,” घोलप म्हणाले. “वाहनात बत्ता नसावा, असा आहे.”

मग हे घर रस्त्याने न्यायचं कसं, असंही मी विचारलं. घर हलवायला परवाना लागत नाही, फक्त घरमालक आत बसलेला हवा, असं ते म्हणाले. दाखल्यावर घरमालकाची जागा मात्र कोरी होती. त्याचं कारण त्यांनी समजावलं. कागदावर आबांचं नाव आहे ते वाहनाचे मालक म्हणून, आणि वाहन तर आता उरलेलं नाही. सामान ज्याचं जास्त, घर त्याचं. कुठली वस्तू कोणाकडून आली ते आपण वाचून पाहावं आणि नाव भरून पंधरा दिवसांत कळवावं.

आबांनी यादी वाचली नाही. सगळ्या मुलांचे पेपर तपासताना ते असंच करायचे म्हणे, पहिलं पान बघून मार्क. त्यांनी पाटी कोरून घेतली, ‘धुमाळ निवास’, आणि ती दारावर स्क्रूने बसवली. वर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मी म्हटलं, आबा, कशाला? ते म्हणाले, घर आहे म्हटल्यावर घराची रीत पाळायला हवी.

त्या रीतीनेच घात केला.

एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या कराडच्या घराची वास्तुशांत होती. आबा आणि सासूबाई अक्षता घेऊन सगळ्यांकडे गेले. आळीत गेले, शाळेत गेले, भिंती रंगवणाऱ्या रंगाऱ्याच्या घरीसुद्धा जाऊन आले. आणि आक्कांना आदल्या संध्याकाळी फोन केला. घरचंच माणूस, तिला कसलं आमंत्रण, असं आबांना वाटलं. आक्कांना तसं वाटलं नाही. रंगाऱ्याला अक्षता आणि सख्ख्या बहिणीला फोन? यशवंताच्या घरात पाऊल टाकणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि एकोणीस वर्षं टाकलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा त्या फाटकाबाहेर, गाडीत बसून रडल्या.

गाडीवर त्यांचा राग नव्हता. गाडी म्हणजे काही घर नव्हे. आबा त्यांना विट्याहून घेऊन येत, फाटकाशी गाडी लावत आणि आक्का मागच्या सीटवर बसून दिवसभर नातवंडांशी गप्पा मारत. एकोणीस दिवाळ्यांचं फराळाचं ताट मी त्या खिडकीतून आत दिलंय. एकदा तर पुरणपोळीवर तूपही खिडकीतूनच वाढलं.

आणि आता गुरुवारी आक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मिरजेला. मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टर म्हणाले होते, आता थांबलात तर डोळा हातचा जाईल. आक्का चहात मीठ घालायला लागल्या होत्या आणि ओसरीच्या पायरीवरून दोनदा पडल्या होत्या. एसटीत त्यांना ओकाऱ्या होतात. भाड्याची गाडी करू म्हटलं, तर परक्याच्या गाडीत बसून डोळा कापून घ्यायला जाणार नाही, असं उत्तर आलं. जाईन तर यशवंताच्या गाडीतून, नाहीतर राहू दे.

गुरुवारी सकाळी आबा आणि मी विट्याला पोहोचलो. आक्का पिशवी घेऊन ओट्यावर तयार होत्या. चाचपडत आल्या, दार उघडलं, एक पाय उचलला, आणि तोरणाचं पान त्यांच्या कपाळाला लागलं. पाय तसाच हवेत राहिला.

“ह्ये काय लावलंय दाराला?”

आबा खोटं बोलत नाहीत. ती त्यांची खोड आहे आणि तिने आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. त्यांनी दाखल्याचं सगळं सांगितलं. आक्कांनी पाटीवरून हात फिरवला, अक्षरं बोटांनी लावली आणि पाय खाली ठेवला.

“म्हंजी ह्ये तुझं घर झालं,” त्या म्हणाल्या. “मग न्हाई यायची मी.”

त्या ओट्यावर जाऊन बसल्या. आबांनी विनवलं, हात जोडले, तोरण काढून फेकून देतो म्हणाले. आक्का म्हणाल्या, तोरण काढल्याने घराचं घरपण जात नसतं. ते खरंच होतं. नऊ वाजत आले होते आणि अकराला मिरजेत पोहोचायचं होतं. आबा ओट्याखाली उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली.

मग मी डॅशबोर्डमधून दाखला आणि घोलपांची यादी काढली आणि वस्तू, मग तिचं गाव, असं मोठ्याने वाचायला लागले. गियरचा दांडा म्हणून बत्ता, विटा. खालचा पत्रा गंजला तिथे भाकरीचा लोखंडी तवा, विटा. मागची चाकं उडू नयेत म्हणून डिकीत जात्याची दगडी तळी, विटा. ड्रायव्हरच्या सीटखाली पाट, विटा. तो पाट मला आठवत होता. भाऊबिजेला आबा ओवाळून घेऊन उठले, गाडीत बसले आणि सीट मोडून खाली गेली. तेव्हा आक्कांनी ओवाळणीचा पाटच उचलून दिला होता. तेव्हापासून आबा बहिणीच्या पाटावर बसून गाडी हाकत होते.

कराडचं सामान माझ्या रिंगा, तारा आणि साबण. त्याला वजन ते काय. जात्याच्या तळीपुढे सगळं पोरखेळ. मी दाखला गुडघ्यावर धरला आणि कोऱ्या जागी आक्कांचं नाव मोठ्याने म्हणत लिहिलं, घरमालक, सुलोचना शामराव पवार, विटा. मग स्क्रू सोडवून पाटी काढली.

 आक्का उठल्या, पदर सारखा केला आणि स्वतःच्या घरात जाव्यात तशा गाडीत जाऊन बसल्या.

“ये गं सूनबाई,” त्या म्हणाल्या. “बस.”

मी बसले. त्यांनी समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला हाक मारून बोलावलं. तो पिठासकट येऊन दोन मिनिटं बसून गेला. शेजारच्या मंगलबाईंना बोलावलं, त्याही बसून गेल्या. भाजीवाली रस्त्याने जात होती, तिला मानाने आत घेतलं. आबा दाराशी उन्हात उभे होते. त्यांनी एकदा स्टिअरिंगकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे.

सगळे गेल्यावर आक्कांनी पिशवीतून मोबाईल काढला आणि चाचपून एक बटण दाबलं. बाहेर आबांचा खिसा वाजला. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. आबांनी फोन कानाला लावला.

“यशवंता,” आक्का फोनमध्ये म्हणाल्या, “आज वास्तुशांत हाय. यायचं बरं का.”

“येतो, आक्का,” आबा फोनमध्ये म्हणाले. मग म्हणाले, “चुकलं माझं.”

“ते एकोणीस वर्सांपूर्वी बोलायचं. चपला भाईर काढ.”

आबांनी चपला रस्त्यावर काढल्या, उजवा पाय आधी आत टाकला आणि पाटावर बसले. घरमालकीण आत होती, त्यामुळे नियमात काही अडचण नव्हती. गाडी तिसऱ्या झटक्याला सुरू झाली आणि आम्ही दहा मिनिटं उशिरा मिरजेला पोहोचलो. ऑपरेशन नीट झालं.

संध्याकाळी परतलो तेव्हा चपला विट्याच्या रस्त्यावर होत्या तशाच होत्या. आबांनी गाडी मागेपुढे करून अशी लावली, की दार बरोबर त्यांच्यासमोर आलं. आक्कांच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्याने त्यांनी आबांच्या पायांकडे पाहिलं.

“दमानं उतर,” त्या म्हणाल्या. “उंबरा उंच हाय.”