लंकाआत्याची सुई

चांगुणाला बघायला संगमनेरचे पाहुणे यायचे होते, आणि सकाळपासून रंगुबाईने लेकीला एकच धडा लावला होता, सुई ओवायचा.

"दोऱ्याचं टोक तिरकं काप. वलं कर. चिमटीत दाबून चपटं कर. आन सुई उजेडाकडं धर. कळलं?"

"कळलं गं आये! डोळं फुटल्यात व्हय माझं?"

"लोक तेच तर म्हनत्यात!"

खरंच म्हणत होते. एकदा तिन्हीसांजेला चांगुणाने विहिरीवरून चुकून शेजारच्या केशरबाईची घागर उचलून आणली, एवढंच निमित्त. 'पोरीला दिसत न्हाई' अशी आवई उठली आणि मिरजगावचं स्थळ दारातूनच परत गेलं. कर्जत तालुक्यात असली बातमी यष्टीच्या आधी पोचते. ही गोष्ट मोठ्या दुष्काळाच्या आदल्या सालची. तेव्हा मुलगी बघायला आलेली बाई चहाच्या आधी सुई पुढे करायची. डोळ्यांचा डॉक्टर म्हणाल तर तीच.

चांगुणाने सरावाची सुई पदरात टोचून ठेवली तोच पाहुणे आले. मुलगा गहिनीनाथ, त्याचा बाप भिमाजी आणि आत्या लंकाबाई. गहिनीनाथाची आई तो रांगत होता तेव्हाच गेलेली, आत्यानेच त्याला वाढवलेलं. त्यामुळे लंकाबाई हो म्हणेल तरच हो. चांगुणाने दाराआडून मुलगा बघितला आणि तिला तो आवडला. चांगलाच आवडला. तिथेच पंचाईत झाली, कारण आता तिला भीती वाटायला लागली.

लंकाबाईने पिशवीतून स्वतःची सुई काढली. "तुमची नगं, आमचीच बरी. घे पोरी, वव."

चांगुणाने सुई उजेडाकडे धरली. सुईचं नेढंच तुटलेलं होतं. भोकच नाही तर दोरा जाणार कुठे, कपाळात? सांगावं, तर भर बैठकीत पाहुणीला 'तुम्हालाच दिसत नाही' म्हटल्यासारखं. न सांगावं, तर पुन्हा मिरजगाव. ती बिचारी दोरा ओला करत राहिली.

"जाईना व्हय?" लंकाबाईचा आवाज बदलला.

चांगुणाचा बाप पुंजाराम घाबरून पुढे झाला. "आन इकडं. दोऱ्याला मेन लावाया पायजे." मेण लावलं. "दोराच जाड हाय," त्याने निकाल दिला. मग पाहुणे बघायला आलेली शेजारची केशरबाई धावली. तिने पीळ घालून दोरा केसाएवढा बारीक केला आणि म्हणाली, "आता लईच बारीक झालाय."

"आरं, दोरा सुईत न्हाई घालायचा, सुई दोऱ्यावर घालायची!" भिमाजी म्हणाला. "आन मागं पांढरं धरायचं." त्याने फेट्याचा शेव सोडून मागे धरला. सुई झकास दिसली, नेढं काही दिसेना. "उजेड कमी हाय," भिमाजी म्हणाला. बाहेर रणरणतं ऊन होतं. चाळिशी सगळ्यांनाच लागली होती, पण कबूल करील तो कुठला!

"तू घाल रं नाथा, तरना हायस," लंकाबाईने सुई भाच्याकडे दिली.

गहिनीनाथाने बघितलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. "आत्या, हिला तर..."

चांगुणाने खाली घातलेली मान हळूच 'नको' अशी हलवली. गहिनीनाथाने तिच्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं.

"आयला, पडली की!" तो म्हणाला.

सगळी बैठक जमिनीवर आली. घोंगडी झटकली, पानाचा डबा उलथा केला, भिमाजीचा फेटा पुरता सुटला. चांगुणा वाकली आणि उठताना पदरातली सुई तिच्या चिमटीत होती. "घावली आत्याबाई!" दोरा पहिल्या झटक्यात आरपार गेला.

"म्या म्हनलं न्हवतं, सुई चांगली हाय!" लंकाबाई गरजली. "डोळं न्हाईत, हिरं हायत पोरीचं. वाटा साखर!"

लग्नानंतर गहिनीनाथाने बंडीच्या खिशातून ती मोडकी सुई काढून दाखवली, तेव्हा दोघंही तोंडावर हात दाबून हसली. आत्या पलीकडच्याच खोलीत होती.

पुढे कितीतरी वर्षं दुपारची जेवणं उरकली की ओसरीवरून हाक यायची, "चांगुणे, एवढा दोरा घाल गं." गोधडी, उन्हाची तिरीप आणि आत्याची बडबड. तसल्या दुपारी पुन्हा आल्या नाहीत. असं सुख चांगुणाला माहेरीसुद्धा मिळालं नव्हतं.

अशाच एका दुपारी, पार थकल्यावर, आत्या दोरा ओला करता करता म्हणाली, "तुला म्हनून सांगते. त्या दिशी नेढं म्याच मोडून आनलं हुतं. डोळं कशाला बघू? तुझं तोंड बघायचं हुतं. तू चारचौघांत मला खाली बघाया लावलं न्हाईस. तवाच ठरवलं, पोरगी आपली."

चांगुणाला भरून आलं. इतकी वर्षं आपण आत्याला सांभाळून घेतलं, का आत्याने आपल्याला?

"आन आता ह्या सुईचं नेढं कुनी मोडलं गं?" आत्या वैतागली. "मघापासनं घालतीया, जाईना."

चांगुणाने बघितलं. आत्याने सुईचं टोक वर धरलं होतं आणि दोरा त्यावर घालत होती.

"द्या बरं," ती म्हणाली. तिने सुई गुपचूप उलटी केली, दोरा ओवला आणि आत्याच्या हातात ठेवली.

आत्याने दोरा ओढून बघितला आणि मान डोलावली. "म्या म्हनलं न्हवतं, सुई चांगली हाय!"